एल्बाबाईचा वन्स मोअर

आमच्या संगीत नाटकांच्या काळात पद आवडलं म्हणून प्रेक्षक नुसत्या टाळ्या वाजवून थांबत नसत. पिटातून आरोळी उठायची, ‘वन्स मोअर!’ मग रंगमंचावर कोणी मरायला टेकलेला असला तरी त्याला उठून ते पद पुन्हा म्हणावं लागे आणि मग नव्याने मरावं लागे. मी आयुष्यभर नायिकेच्या सखीच्या भूमिका केल्या. सखीला वन्स मोअर क्वचितच मिळतो. पण नायिकेसाठी उठलेल्या आरोळ्या विंगेत उभी राहून मी इतक्या ऐकल्या, की तो शब्द जिभेवर बसला तो बसलाच.

म्हणून तर तो वेस्ट विंडसरच्या एका अर्जेंटिनी खाणावळीत, भर शनिवारी दुपारी, माझ्या तोंडून सुटला.

साल २००६. पुण्यात हे गेले, आणि वर्षभराने माझा मुलगा यतीन मला कायमचं अमेरिकेला घेऊन आला. आमच्या घरामागच्या पायवाटेने चालत गेलं की रूट वन या हमरस्त्याच्या कडेला दुकानांची एक ओळ लागायची. नाणी टाकून कपडे धुवायचा लॉन्ड्रोमॅट, नखं रंगवायचं दुकान, आणि त्या दोघांच्या मध्ये ‘ला टुकुमाना’. लिंबाच्या रंगाच्या भिंती, टेबलांवर पांढरा कागद, दाराबाहेर कायम रांग. रांगेत बुटांना गवत चिकटलेले माळी असत, छपरं दुरुस्त करणारी माणसं असत, युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी असत, आणि एका गाडीत कोंबून आलेली आपली पुण्या-नागपूरची मुलं असत. स्वस्त आणि पोटभर, या दोन गोष्टींना कुठल्याच देशात भाषांतर लागत नाही.

त्या दिवशी यतीन आणि सून दीपा मला तिथे पहिल्यांदा घेऊन गेले. दीपाने आधीच कानात सांगितलं होतं, “अहो आई, इथे मेनली बीफ असतं बरं का. तुमच्यासाठी मक्याचं काहीतरी सांगू.”

“सांग. मी खात नाही एवढंच. दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडण्याइतकी मी सोवळी नाही.”

मक्याचं काहीतरी आलं. त्याला हुमिता म्हणतात. कोवळा मका वाटून, त्यात चीज घालून, मक्याच्याच पानात बांधून शिजवलेला. मी दोरा सोडला, पान उलगडलं आणि वाफ तोंडावर आली. माझं माहेर मालवणकडचं. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची वाफ अशीच यायची. मी पहिला घास घेतला आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून एका बाईचं गाणं ऐकू आलं. आवाज थोडा फाटका, पण सुरात पक्का. तान संपवताना ती स्वर अलगद खाली ठेवायची, झोपलेलं मूल ठेवतात तसा.

माझा हात आपोआप वर गेला. “वन्स मोअर!”

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. यतीनचा चेहरा लालेलाल. “आई, प्लीज! इथे असं ओरडत नाहीत.”

गाणं थांबलं. झुलत्या दारातून एक ठेंगणी, गुबगुबीत बाई बाहेर आली. केस मेंदीपेक्षाही लाल, ॲप्रनवर पीठ, पण ओठांना ताजी लिपस्टिक. तिने माझ्यासमोर हुमिताची दुसरी प्लेट ठेवली.

“वन्स मोअर,” ती अभिमानाने म्हणाली.

“अहो बाई, प्लेट नको! गाणं! साँग! साँग वन्स मोअर!” मी गळ्याला हात लावून दाखवलं.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती एवढी हसली, की पलीकडचे माळीही हसले. कमरेवर हात ठेवून, तिथेच आमच्या टेबलाशी उभी राहून, तिने ते कडवं पुन्हा म्हटलं. मी दोन्ही प्लेटा संपवल्या. मागून घेतलेला वन्स मोअर टाकून उठायचं नसतं.

ही एल्बाबाई. उत्तर अर्जेंटिनातल्या टुकुमानची. वय साठीला आलेलं. नवरा रुबेन मागे शेगडीवर मांस भाजायचा आणि बोलायचा जवळजवळ नाही. दोघांच्या वाटचं बोलणं एल्बाबाई एकटीच बोलून टाकायची.

यतीन-दीपा कामावर गेले की घर इतकं शांत व्हायचं, की फ्रिजचा आवाज सोबतीसारखा वाटायचा. मी भिंतींना जुने संवाद म्हणून दाखवत असे. भिंती चांगल्या प्रेक्षक असतात, उठून जात नाहीत. पण दादही देत नाहीत. त्या शनिवारनंतर मी एका दुपारी एकटीच पायवाटेने निघाले. जेवणाची गर्दी ओसरली होती. एल्बाबाई करंज्या भरत बसली होती. ते लोक त्यांना एम्पानादा म्हणतात, आत तिखटमिठाचं सारण असतं, पण आकार, मुरड, सगळी करंजीच. मी न विचारता हात धुतले आणि समोर बसले.

मी माझ्या मते झकास मुरड घातली. एल्बाबाईने ती करंजी उचलली, सगळीकडून न्याहाळली, आणि मुरड उलगडून टाकली.

“ही पालकाची आहे,” ती म्हणाली. “पालकाला अशी मुरड नाही. अशी मुरड पाहून माणूस कोंबडी समजून खाईल आणि मला शिव्या देईल.”

प्रत्येक सारणाची मुरड वेगळी, म्हणजे न फोडता आतलं कळतं. पंचाहत्तराव्या वर्षी मी नव्याने मुरड शिकायला बसले. आम्हा दोघींचं इंग्रजी एकाच शाळेत नापास झालेलं होतं, त्यामुळे एकमेकींना ते उत्तम समजायचं. मी तिला एल्बाबाई म्हणायची. तिला ‘ह’ म्हणता येत नसे, म्हणून मी सुहासिनीची सुआसिनी झाले. तिच्या प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘चे’ यायचा, म्हणजे आपला ‘अगं’. मी तिला सांगितलं, “आमच्यात ‘चे’ शब्दाच्या शेवटी लागतो. तुझं सगळं उलटं आहे.”

“मी पृथ्वीच्या उलट्या बाजूची आहे,” ती म्हणाली. “आमच्याकडे जानेवारीत उन्हाळा असतो.”

काम संपलं की ती माते नावाचं पेय करायची. दुधी भोपळ्याच्या कोरलेल्या वाटीत कडू हिरवा पाला, त्यावर गरम पाणी, आणि धातूची एक नळी. सगळ्यांनी त्याच नळीने प्यायचं. ओढून संपवलं की वाटी एल्बाबाईला परत द्यायची, मग ती पुन्हा पाणी घालून पुढच्याला द्यायची. माझ्या मनात क्षणभर ‘उष्टं’ हा शब्द आला. पण दौऱ्यावर असताना मेकअप रूममध्ये आम्ही तिघी-चौघी एका कपातला चहा प्यायलो आहोत. मी नळी तोंडाला लावली. कडू होतं. पण त्या कडवटपणात कोणीतरी समोर बसलेलं होतं.

वाटी परत देताना मी अदबीने म्हटलं, “ग्रासियास.” म्हणजे आभार, एवढं स्पॅनिश मी दीपाकडून शिकून आले होते.

पुढची फेरी रुबेनकडे गेली, मग एल्बाबाईकडे, मग पुन्हा रुबेनकडे. माझ्याकडे वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, या बाईला माझं उष्टं चालत नसावं. मनाला लागलं. शेवटी विचारलंच.

“मला एकदाच का देतेस?”

“तूच रोज ग्रासियास म्हणतेस!” एल्बाबाई चकित झाली. “माते पिताना ग्रासियास म्हणजे पुरे. आता नको. अजून हवं असेल तर गप्प राहून वाटी परत द्यायची.”

मी हसतच सुटले. मग तिला सांगितलं, “आमच्याकडेही घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. आईला थँक यू म्हटलं तर ती विचारते, रागावलीस का?”

“मग तू मला तीन दिवस रागावत होतीस?” ती म्हणाली, आणि वाटी भरून माझ्या हातात दिली.

त्याच दुपारी भिंतीवरचा फोन वाजला. रोज त्या वेळेला वाजायचा. एल्बाबाई मोठ्याने बोलायची, हसायची, मधेच गायची, आणि ठेवल्यावर थोडा वेळ फोनकडे पाठ करून उभी राहायची. मी वाटी पुढे केली आणि विचारलं, कोण गं?

तिची आई. डोन्या आमालिया, म्हणजे आपल्याकडच्या आमालियाबाई, सत्त्याऐंशी वर्षांची, टुकुमानला एकटी. जवळ राहणारा मुलगा वर्षापूर्वी वारला. आता शेजारीण जाऊन-येऊन बघायची. म्हातारी रोज एकच विचारायची, “मला न्यायला कधी येतेस?” आणि एल्बाबाई रोज एकच सांगायची, “लवकर.” पण ग्रीन कार्डावर आईला बोलावता येत नाही, त्यासाठी सिटिझन व्हावं लागतं. सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूत एल्बाबाई नुकतीच नापास झाली होती.

“तुला उत्तरं येत नव्हती?”

“सगळी येत होती!” तिने टेबलावर हात आपटला. “पहिला प्रश्न, झेंड्याचे रंग. मी सांगितले. साहेब म्हणाला, थँक यू. आणि मी उठले.”

“उठलीस?”

“पर्स घेतली, दारापर्यंत गेले. इतकी वर्षं मी हॉटेल चालवते, सुआसिनी. गिऱ्हाईक थँक यू म्हणालं की संपलं, टेबल पुसायचं. घरी माते पिताना ग्रासियास म्हटलं की संपलं. साहेब ओरडला, मॅडम, बसा! मी बसले. पण मग डोक्यातलं सगळं पळून गेलं. तो काय विचारत होता तेसुद्धा ऐकू येईना.”

मी हसले नाही. पाठ असलेलं वाक्य ऐन प्रवेशात पळून जातं तेव्हा काय होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. रंगमंच एवढा मोठा होतो, की त्याच्या कडा दिसत नाहीत.

“आणखी एकदा बोलावणार आहेत,” ती म्हणाली. “तेही गेलं तर सगळं पहिल्यापासून. आणि मम्मा सत्त्याऐंशीची आहे.”

मी ॲप्रन सोडला. “एल्बाबाई, उद्यापासून तालीम.”

दुसऱ्या दुपारी मी यतीनचा कोट घालून गेले. खिडकीजवळचं टेबल साहेबाचं झालं. हिरव्या चटणीची बाटली म्हणजे अमेरिकेचा झेंडा. रुबेनने आपला वाचायचा चष्मा काढून न बोलता मला दिला. मी आवाज खर्जात नेला. एका नाटकात दिवाणाचं काम करणारा नट आजारी पडला होता तेव्हा मी मिशा लावून उभी राहिले होते, तोच आवाज.

“मॅडम. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही वारले तर अध्यक्ष कोण होतं?”

“दोघेही? बिचारे!”

“हळहळू नकोस. उत्तर.”

“स्पीकर ऑफ द हाउस.” मग हळूच, “सुआसिनी, स्पीकर म्हणजे ज्यातून गाणी वाजतात तो ना?”

“नाही गं. बोलणारा माणूस. सभागृहाचा. रुबेनच्या अगदी उलट.”

शेगडीजवळून रुबेनचं हसणं ऐकू आलं. तो हसतो हे मला तेव्हा कळलं.

उत्तरं तिची खरंच चोख होती. महत्त्वाच्या वाक्याआधी क्षणभर थांबायचं, पॉज घ्यायचा, हेही ती माझ्याकडून लगेच शिकली. खोट वेगळ्याच ठिकाणी होती. मी “थँक यू” म्हटलं की तिचं बूड खुर्चीवरून उचललं जायचं. तिला कळायच्या आत. मी रागावले, गुडघा दाबून धरला, एकदा तर तिचा ॲप्रन खुर्चीला बांधून ठेवला. ती खुर्चीसकट उठली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, अंगाला नुसतं ‘नको’ सांगून चालत नाही. अंगाला दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

“ऐक,” मी म्हटलं. “पडदा पडल्याशिवाय नटाने रंगमंच सोडायचा नाही. साहेबाचं थँक यू म्हणजे पडदा नाही. ते थँक यू म्हणजे काय, माहीत आहे? तू पहिल्या दिवशी मला प्लेट आणून दिलीस, आठवतं? ते. वन्स मोअर. त्याला तुझं पद आवडलं आहे, त्याला आणखी हवं आहे. तो थँक यू म्हणाला की टाचा जमिनीत रोवायच्या आणि मनात म्हणायचं, वन्स मोअर.”

“मनात?”

“मनात.”

आठवडाभर आम्ही तेवढंच केलं. मी थँक यू म्हणायची, तिचे ओठ हलायचे, टाचा खाली रुतायच्या. माळ्यांना, विद्यार्थ्यांनाही कळलं. बिल देऊन निघताना ते मुद्दाम ओरडायचे, “थँक यू, एल्बा!” आणि ती ट्रे हातात घेऊन जागच्या जागी टाचा रोवायची. यतीन एका शनिवारी हे बघून म्हणाला, “आई, तू या लोकांना वेड लावलंस यार!” पण घरी जाताना गाडीत त्याने आपणहून विचारलं, “इंटरव्ह्यू कधी आहे?” आणि कोट परत मागितला नाही.

इंटरव्ह्यू नेवार्कला होता, फेब्रुवारीतल्या एका सकाळी. रुबेन गाडी चालवत होता, एल्बाबाई पुढे, मी मागे. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे मळके ढिगारे. तिने लिपस्टिक लावली होती, आणि हात मांडीवर ठेवून बोटांनी हवेत मुरडी घालत होती. मी प्रश्न विचारले नाहीत. नाटकाच्या दिवशी तालीम करायची नसते.

तिचं नाव पुकारलं. ती आत गेली, दार लागलं. मी आणि रुबेन बाकावर. मी आयुष्यात पुष्कळदा विंगेत उभी राहिले आहे, पण तिथून निदान रंगमंच दिसतो. इथे फक्त एक तपकिरी दार होतं. आतल्या माणसाला वाक्य सुचलं नाही तर ते पुटपुटायची सोयही नव्हती.

बऱ्याच वेळाने रुबेन बोलला. “ती मम्माला रोज लवकर सांगते. मला रोज ऐकू येतं.” बस, एवढंच. मग त्याने टोपी मांडीवर घेऊन फिरवायला सुरुवात केली.

दार उघडलं. एल्बाबाई बाहेर आली. चेहरा कोरा. ना हसू, ना रडू. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि काहीच बोलेना.

मग तिने एक भुवई उचलली. “पॉज,” ती म्हणाली. “तूच शिकवलास.”

“मेले, सांग आधी!”

“पास!”

रुबेनची टोपी खाली पडली. बायकोला मिठी मारून झाल्यावर त्याने मलाही मारली.

गाडीत तिने सगळा प्रवेश करून दाखवला. पहिला प्रश्न, उत्तर, थँक यू, टाचा. दुसरा, टाचा. असं चालत चालत पास व्हायला पुरेशी उत्तरं झाली. साहेबाने पेन खाली ठेवलं, हसला आणि म्हणाला, “व्हेरी गुड. थँक यू, मॅडम.”

“आणि मी टाचा रोवल्या,” एल्बाबाई म्हणाली, “आणि म्हणाले, वन्स मोअर!”

“मोठ्याने?”

“खूप मोठ्याने. साहेब दचकला. माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पेन परत उचललं आणि आणखी एक प्रश्न विचारला.”

“अगं बाई! कुठला?”

“अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही वारले तर.” तिने हात जोडल्यासारखे केले. “मी म्हणाले, बिचारे. आणि मग म्हणाले, स्पीकर ऑफ द हाउस.”

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ मोठमोठे नट-नट्या पाहिल्या. पण स्वतःच वन्स मोअर मागून घेऊन तो झेलणारी एवढी एकच पाहिली.

त्या दुपारी फोन वाजला तेव्हा एल्बाबाईने ‘लवकर’ म्हटलं नाही. दुसरंच काहीतरी म्हटलं, आणि पलीकडचा म्हातारीचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. शपथविधी झाला, आईचे कागद गेले, वर्ष उलटलं. त्या काळात मी जवळजवळ रोज दुपारी तिथे होते. आता पालकाची मुरड मला डोळे मिटून येते, कोंबडीचीही येते. मधे मला खोकला झाला तेव्हा एल्बाबाई ॲप्रनवरच आमच्या घरी आली, दीपाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि भोपळ्याचं सूप करून गेली. दीपा संध्याकाळी म्हणाली, “अहो आई, ती मला माझ्याच घरात पातेलं कुठे आहे ते सांगत होती.” मी ऐकत पडले होते. या देशात मला कोणी ओळखत नाही, असं मी आल्या आल्या पुण्याला फोनवर सांगत असे. ते सांगणं केव्हाच बंद झालं होतं. त्याचं श्रेय कोणाचं, हे लिहायला बसले तेव्हा कळलं.

२००८च्या शरद ऋतूत, झाडं लाल-पिवळी झाली तेव्हा, डोन्या आमालिया आल्या. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. खिडकीजवळच्या टेबलाशी, साहेबाच्या खुर्चीत, एक चिमुकली बाई शाल पांघरून बसली होती. ओठांना लिपस्टिक. समोर अर्धी खाल्लेली हुमिता. मातेची वाटी आज तिच्या हातात होती. सगळ्यांत वडील माणूस असताना एल्बाबाई कशी वाढणार? म्हातारीने थरथरत्या हाताने पाणी घातलं, एक थेंब सांडू दिला नाही, आणि वाटी माझ्यापुढे धरली.

मी प्यायले. कडू, गरम. एल्बाबाई आईच्या खुर्चीमागे उभी होती, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. मला खूप आभार मानायचे होते: या वाटीचे, त्या मुरडीचे, दुपारच्या त्या सगळ्या वेळाचे. पण आभारांचा शब्द या टेबलावर उच्चारायची सोय नव्हती. तो म्हणजे पुरे. आणि मला पुरे नव्हतं.

मी वाटी परत दिली आणि म्हटलं, “वन्स मोअर.”

एल्बाबाई खळखळून हसली. डोन्या आमालियांनी मान वर करून मुलीला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. एल्बाबाई उत्तर द्यायला तोंड उघडते तोच म्हातारीला आपलं आपणच उमगलं. हिला भूक लागली आहे. तिने आपली अर्धी हुमिता पानासकट उचलली, माझ्यापुढे ठेवली, आणि खा, अशी बोटांनी खूण केली.

एल्बाबाई समजावून सांगायला वाकली. मी तिला हाताने थांबवलं आणि काटा उचलला.